दिनक्रम मोडतो तेव्हा : सिंदफणाकाठच्या गावांसाठी आपत्तीपूर्व नियोजन

भारताच्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने आपत्तीची जी व्याख्या केली आहे, तिचे दोन भाग पडतात. जीवितहानी, मालमत्तेची हानी किंवा पर्यावरणाची हानी घडवणारी घटना हा पहिला भाग होय. त्या घटनेची तीव्रता बाधित समाजाच्या सामना करण्याच्या क्षमतेपलीकडची असणे हा दुसरा. सर्वसाधारण चर्चेत पहिल्या भागाकडेच लक्ष जाते, परंतु नागरिकांच्या दृष्टीने दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण पाऊस किती पडावा हे कोणाच्याही हाती नसले तरी त्या पावसाला तोंड देण्याची क्षमता वाढवणे किंवा घटवणे हे बऱ्याच अंशी घराच्या आणि गावाच्या हाती असते. एकाच रात्री, एकाच गल्लीत, सारख्याच उंचीपर्यंत पाणी चढूनही एका घरात दुसऱ्या दिवशी चूल पेटते आणि शेजारच्या घरात आठवडाभर पेटत नाही, यामागे नशिबापेक्षा पूर्वतयारीचाच भाग मोठा असतो. ही तयारी नेमकी कशाची करावयाची, या प्रश्नाचे उत्तर सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिनक्रमात शोधता येते. पाणी भरणे, स्वयंपाक, दूध काढणे, दुकान उघडणे, शाळा, औषधाची गोळी आणि फोनवरचा संवाद या रोजच्या प्रत्येक कामाला एक पर्यायी मार्ग आधीच ठरलेला असणे, हाच आपत्तीपूर्व नियोजनाचा गाभा आहे.

दुष्काळी प्रदेशातील पूर

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे तालुक्याचे ठिकाण या विवेचनासाठी विशेष उपयुक्त आहे. हा भाग अवर्षणप्रवण, म्हणजे वारंवार अपुऱ्या पावसाचा अनुभव घेणारा. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे आणि २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ या वर्षांतील टंचाई तर तरुण पिढीनेही पाहिली आहे. टँकरची वाट पाहणे, घागरी रांगेत लावणे, जनावरे चारा छावणीत नेणे, ऊसतोडीसाठी स्थलांतर करणे ही टंचाईला तोंड देण्याची कौशल्ये या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहेत. मात्र दुष्काळ पायरीपायरीने येतो आणि माणसाला विचार करण्यास महिने देतो, तर पूर काही तासांत येऊन काही तासांत ओसरतो; त्यामुळे पहिल्यासाठी कमावलेली कौशल्ये दुसऱ्याच्या वेळी जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. नदी वर्षातील बहुतेक महिने कोरडी राहिली की तिच्या पात्रालगतची जागा मोकळी व सुरक्षित वाटू लागते, तेथे टपऱ्या, गोठे, दुकाने आणि घरे उभी राहतात आणि नदीचा मूळ विस्तार केवढा होता याचा विसर पडतो.

सिंदफणा नदी पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागात उगम पावते, शिरूर कासारवरून पुढे जाते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. उगमापासून शिरूर कासारपर्यंतचे अंतर थोडे आणि डोंगरउतार तीव्र असल्यामुळे वरच्या भागात रात्री झालेल्या जोरदार पावसाचे पाणी खाली पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. गावात पाऊस नसतानाही नदी फुगू शकते ती याच कारणाने. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत सिंदफणा नदीला पूर येऊन शिरूर कासार शहरात पाणी शिरले आणि बाजारपेठेला त्याचा मोठा फटका बसला; त्याच महिन्यात शेजारच्या आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्या नागरिकांना हेलिकॉप्टरच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. जिल्ह्याला हा प्रकार सर्वस्वी नवा नव्हता, कारण सिंदफणेची उपनदी असलेल्या बिंदुसरेने जुलै १९८९ मध्ये बीड शहरात मोठी प्राणहानी घडवली होती.

अशा पुराची पुनरावृत्ती किती संभवते, हे समजून घेण्यासाठी पूररेषा ही संज्ञा माहीत असणे आवश्यक आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे ठरते ती निळी रेषा आणि सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. येथे ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ पुढील ९९ वर्षे निश्चिंती असा होत नाही. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते, आणि ती दरवर्षी नव्याने मोजली जात असल्यामुळे ३० वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेच्या पुराबाबत हीच शक्यता २५ वर्षांत सुमारे ६४ टक्के होते. घर बांधणाऱ्या, दुकान भाड्याने घेणाऱ्या किंवा गोठा उभारणाऱ्या प्रत्येकाने ती जागा कोणत्या पट्ट्यात येते याची चौकशी नगरपंचायतीत किंवा जलसंपदा विभागाकडे करावी, आणि रेषा आखलेली नसेल तेथे २०२५ मध्ये पाणी जेथपर्यंत चढले त्या उंचीची खूण भिंतीवर रंगाने कायम करून ठेवावी.

एक कडी तुटली की काय होते

नागरी जीवनातील सेवा परस्परांवर अवलंबून असतात. वीज गेली की नळयोजनेचा पंप बंद पडतो आणि बोअरचे पाणीही वर येत नाही. मोबाईल टॉवरची बॅटरी संपली की फोन थांबतो. फोन थांबला की दुकानातील भ्रमणध्वनीवरून होणारे पैशांचे व्यवहार बंद पडतात. एटीएममध्ये रोकड नसली की खिशातील नोटांवरच भागवावे लागते. रस्ता वाहून गेला की दूध, गॅस आणि औषधे पोहोचत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर शहरात याचे ठळक उदाहरण दिसले. नदीकाठची पाणी उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे चहूबाजूंनी पाणी असतानाही शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा खंडित झाला, आणि राष्ट्रीय महामार्ग बंद राहिल्याने ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरले नव्हते त्यांनाही इंधन व भाजीपाल्याची टंचाई सोसावी लागली. म्हणूनच उंचावर राहणाऱ्या कुटुंबानेही आपल्याला धोका नाही असे मानून स्वस्थ राहू नये.

नियोजनाची सुरुवात साध्या कागदावर करता येते. कागदाच्या डाव्या बाजूला घरातील दिवसभराची कामे पहाटेपासून क्रमाने लिहावीत, त्यापुढे ते काम ज्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी लिहाव्यात आणि उजव्या बाजूला त्या गोष्टी तीन दिवस मिळाल्या नाहीत तर काय करावयाचे याची नोंद करावी. तीन दिवसांचा कालावधी सुचवण्याचे कारण असे की बाहेरची मदत प्रत्येक वस्तीपर्यंत आणि प्रत्येक घरापर्यंत नियमितपणे पोहोचण्यास तेवढा वेळ लागू शकतो, आणि त्या काळात कुटुंबाला बहुतांशी स्वतःच्या साठ्यावर राहावे लागते.

इशारा समजून घेणे

हवामान विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस होय. राज्य शासन मदतीच्या प्रयोजनासाठी महसूल मंडळात, म्हणजे अनेक गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाल्यास त्यास अतिवृष्टी मानते. यासोबत जिल्हानिहाय रंगांचे इशारे दिले जातात. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, केशरी रंग तयार राहण्यास सांगतो आणि लाल रंग प्रत्यक्ष कृती करण्यास सांगतो. केशरी इशारा मिळताच पाणी भरून ठेवणे, फोन व टॉर्च चार्ज करणे, जनावरे उंचावर हलवणे ही कामे उजेड असतानाच उरकावीत, कारण लाल इशारा मिळेपर्यंत थांबल्यास तीच कामे अंधारात आणि पावसात करावी लागतात.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि विजेच्या धोक्याची सूचना देणारे ‘दामिनी’ ही मोबाईल अ‍ॅप्स घरातील किमान एका फोनवर असावीत. त्यांपैकी दामिनी हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केले आहे. मराठवाड्यात वीज पडून होणारे मृत्यू प्रामुख्याने शेतात, झाडाखाली आसरा घेताना होत असल्यामुळे शेतकऱ्यांना दामिनीचा विशेष उपयोग आहे. तथापि केवळ अ‍ॅपवर विसंबणे योग्य नाही, कारण नदीकाठच्या गावाला सर्वांत नेमकी सूचना वरच्या गावातून मिळते. पाटोदा तालुक्यातील नातेवाइकांशी किंवा नदीच्या वरच्या अंगाच्या तलावाजवळ राहणाऱ्यांशी फोनवर संपर्क ठेवणारी आणि सांडव्यावरून, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरून, किती पाणी वाहते आहे हे विचारणारी एक व्यक्ती प्रत्येक गल्लीने नेमावी. फोन बंद पडल्यास देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा आणि दवंडी ही जुनी साधने आजही तितकीच परिणामकारक ठरतात, मात्र कोणत्या सूचनेचा अर्थ काय हे आधी ठरलेले असले पाहिजे.

कुटुंब विखुरलेले असताना

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा लोकल गाड्या थांबल्या, फोन बंद पडले आणि लाखो माणसे कार्यालयांत, शाळांत व रस्त्यांवर अडकून पडली. घरच्यांची खुशाली न कळल्यामुळे अनेकांनी सुरक्षित जागा सोडून तुंबलेल्या पाण्यातून चालत घर गाठण्याचा प्रयत्न केला. आपत्ती बहुधा कुटुंब एकत्र नसतानाच गाठते, हा त्यातला बोध शिरूर कासारला तंतोतंत लागू पडतो, कारण दिवसा कोणी शेतात, कोणी शाळेत, कोणी बीडला कामासाठी गेलेले असते.

यासाठी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, एकत्र येण्याची दोन ठिकाणे : एक घराजवळचे उंच ठिकाण आणि दुसरे नदीच्या पलीकडे अडकलेल्यांसाठी, कारण पूल बंद झाल्यास अर्धे कुटुंब एका काठावर आणि अर्धे दुसऱ्या काठावर राहते. दुसरी, जिल्ह्याबाहेरचा एक नातेवाईक, ज्याला प्रत्येकाने आपली खुशाली कळवावी. स्थानिक फोनवाहिन्यांवर ताण असतानाही बाहेरच्या क्रमांकावर छोटा लेखी संदेश पोहोचण्याची शक्यता अधिक असते. तिसरी, शाळेतून मूल कोणाच्या ताब्यात द्यावयाचे याची नावे, जी वर्गशिक्षकांकडे लेखी असावीत. पालकांनी पुराच्या पाण्यातून शाळेकडे धाव घेऊ नये आणि शाळेनेही पालक किंवा ठरलेली व्यक्ती आल्याशिवाय मुलांना सोडू नये, असा परस्पर करार शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जून महिन्यातच झालेला असावा. लहान मुलांना किमान दोन फोन क्रमांक तोंडपाठ असावेत, कारण बंद पडलेल्या फोनमधील क्रमांकांचा काही उपयोग होत नाही.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे नियोजन स्वतंत्रपणे व्हावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर कारखान्यांकडे निघाले की गावात वृद्ध आणि काही ठिकाणी मुले मागे राहतात, आणि परतीचा पाऊस लांबला तर त्यांच्यासोबत कर्ता माणूस नसतो. अशा प्रत्येक घरासाठी शेजारच्या एका घराने जबाबदारी घ्यावी व त्याची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत असावी. निघण्यापूर्वी मजूर कुटुंबाने वृद्धांची औषधे, गॅसचे पुस्तक, शिधापत्रिका आणि थोडी रोख रक्कम कोठे आहे हे त्या शेजाऱ्यांना दाखवून ठेवावे.

पाणी, अन्न आणि औषध

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज किमान ४ लिटर पाणी धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे १५ लिटरचे चार हंडे लागतात. हे पाणी झाकण असलेल्या भांड्यांत, जमिनीपासून उंच ओट्यावर किंवा माळ्यावर ठेवावे. पुरानंतर विहीर, बोअर आणि नळ यांपैकी कोणतेही पाणी तपासणीशिवाय पिऊ नये, कारण पुराच्या पाण्यात शौचालयांचे, गोठ्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळलेले असते. पाणी कपड्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे, अथवा मेडिक्लोरसारखे क्लोरिनचे द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गावाच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामीण भागात टीसीएल म्हणून ओळखली जाणारी भुकटी, टाकण्याचे काम स्थानिक संस्थेचे आहे. ते झाल्यानंतर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे की नाही हे पाहणारी ओटी चाचणी आरोग्य कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावी.

अन्नाच्या साठ्यात शिजवावे न लागणारे किंवा थोड्या इंधनावर होणारे पदार्थ असावेत. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, चुरमुरे, पोहे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे या भागातील घरांत नेहमी असणारे पदार्थच उत्तम आपत्कालीन अन्न ठरतात. केवळ ते जमिनीवरच्या पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवले पाहिजेत. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले पीठ, डाळ, मसाले आणि उघडे तेल फेकून द्यावे, कितीही जिवावर आले तरी. जुलाब सुरू झाल्यास ओआरएसची पुडी वापरावी. ती नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून ते द्रावण थोडे थोडे पाजत राहावे आणि मूल सुस्त झाले किंवा लघवी कमी झाली तर विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, दमा, हृदयविकार आणि मानसिक आजार यांवरील औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरात किमान १५ दिवसांची औषधे शिल्लक राहतील अशा बेताने खरेदी करावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी वीज नसताना ते किती दिवस व कसे ठेवावे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यावे. गरोदर स्त्रीची प्रसूतीची तारीख पावसाळ्यात येत असेल आणि तिचे घर ओढ्यापलीकडे असेल, तर तिला दिवस भरण्यापूर्वीच रस्ता तुटणार नाही अशा ठिकाणच्या नातेवाइकांकडे नेणे हिताचे ठरते. याबाबत आशा कार्यकर्तीशी आधी बोलावे. डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीतही हाच विचार करावा.

वीज, गॅस आणि भिंती

पाणी अंगणात आले की ते खोलीत शिरण्याची वाट न पाहता मुख्य स्विच बंद करावा. मात्र स्विचबोर्डाखाली पाणी साचलेले असेल किंवा हात-पाय ओले असतील तर त्याला हात लावू नये. पूर ओसरल्यानंतर तारा व बोर्ड पूर्ण सुकून जाणकाराने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि रस्त्यावर पडलेल्या तारेपासून दूर राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. गॅस सिलिंडर पाण्यात तरंगून वाहून जाऊ शकतो, म्हणून रेग्युलेटर बंद करून, नळी काढून तो उभ्या स्थितीत बांधून ठेवावा. परतल्यावर दारे-खिडक्या उघडून, गॅसचा वास नाही याची खात्री केल्यानंतरच काडी ओढावी.

मराठवाड्यात अजूनही असलेल्या माळवदाच्या घरांचा, म्हणजे दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेल्या घरांचा, धोका वेगळा आहे. उन्हाळ्यात गारवा देणारा तोच मातीचा थर सततच्या पावसात पाणी पिऊन अतिशय जड होतो आणि भिंतींतील मातीचा सांधा त्याच वेळी सैल होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशाच जड बांधकामाखाली माणसे गाडली गेली. पावसाळ्यापूर्वी माळवदावरील गवत काढणे, पन्हाळी मोकळ्या करणे आणि तुळया वाळवीने पोखरल्या आहेत का हे पाहणे आवश्यक आहे. संततधार दोन दिवसांहून अधिक टिकली, भिंत फुगली किंवा आतून माती गळू लागली तर त्या घरात झोपू नये. भिंत पुष्कळदा पाऊस उघडल्यानंतर, ऊन पडल्यावर कोसळते, हेही ध्यानात ठेवावे.

पुलावरून किंवा फरशी पुलावरून, म्हणजे नदीपात्राच्या जवळपास समपातळीत बांधलेल्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असताना तो ओलांडण्याचे धाडस पुरातील मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. वेगाने वाहणारे घोट्याच्या वरचे, साधारण १५ सेंटिमीटर पाणीही माणसाचा तोल घालवू शकते, ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. शिवाय पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही. रोज त्याच पुलावरून जाण्याची सवय असलेला माणूसच येथे अधिक फसतो, म्हणून पुलावरून पाणी वाहू लागले की वाहतूक थांबवण्याचे काम गावातील तरुणांनी पोलिसांची वाट न पाहता हाती घ्यावे.

गोठा आणि दुकान

पूर रात्री येतो तेव्हा दावणीला बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडतात. केशरी इशारा असताना ती उंचावर न्यावीत आणि ते शक्य नसेल तर किमान दावे सोडून द्यावे, म्हणजे त्यांना पोहून वाचण्याची संधी राहते. कडबा आणि वैरण नदीकाठच्या गंजीत एकत्र न ठेवता थोडा भाग घराजवळ उंचावर ठेवावा. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि जनावरासोबत मालकाचे छायाचित्र फोनमध्ये असावे. जनावर दगावल्यास ते लगेच पुरून न टाकता प्रथम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना व महसूल कर्मचाऱ्यांना कळवावे, कारण मदतीसाठी मृत्यूची अधिकृत नोंद लागते. केंद्र शासनाच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत मोठ्या दुधाळ जनावरासाठी ३७,५०० रुपयांची तरतूद आहे.

बाजारपेठेतील दुकानदाराच्या बाबतीत माल, उधारीची वही आणि ग्राहक अशा तीन गोष्टी एकाच वेळी धोक्यात येतात. नदीच्या बाजूच्या दुकानात पावसाळ्याच्या महिन्यांत सर्वांत खालची फळी रिकामी किंवा पाण्याने न बिघडणाऱ्या वस्तूंसाठी ठेवावी; साखर, खत, सिमेंट, कापड, वह्या-पुस्तके आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू २०२५ च्या पाणीखुणेच्या वर ठेवाव्यात. उधारीच्या वहीची छायाचित्रे दर आठवड्याला काढावीत आणि मालखरेदीची बिले घरी ठेवावीत. दुकानाचा विमा उतरवताना त्यात पुराचा समावेश स्पष्ट शब्दांत आहे का हे वाचून घ्यावे. शटर उघडल्यावर स्वच्छता सुरू करण्याआधी आतील नुकसानीची छायाचित्रे व चलचित्रे काढावीत, कारण विमा कंपनी असो वा महसूल विभाग, दोघांनाही पुरावा लागतो.

कागद आणि पंचनामा

पंचनामा म्हणजे सक्षम कर्मचाऱ्याने जागेवर येऊन पंचांसमक्ष केलेली नुकसानीची लेखी नोंद होय, आणि शासकीय मदतीचा बहुतेक मार्ग तिच्यातून जातो. पूर्वी तलाठी व आता ग्राम महसूल अधिकारी म्हणून ओळखला जाणारा कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी मिळून शेतीचे पंचनामे करतात. घराच्या व दुकानाच्या नोंदीसाठी नगरपंचायतीचे कर्मचारीही येतात. पंचनाम्यात आपले नाव, गट क्रमांक किंवा मालमत्ता क्रमांक, नुकसानीचे वर्णन आणि बँक खात्याचा तपशील नीट नोंदला गेला आहे का हे सही करण्यापूर्वी वाचावे व त्याचे छायाचित्र घ्यावे. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद नसेल तर सातबाऱ्यावर ते क्षेत्र पडीक दिसते आणि मदतीत अडथळा येतो, म्हणून ही नोंद खरिपाच्या मुदतीतच पूर्ण करावी. मदतीची रक्कम थेट बँक खात्यात जमा होत असल्याने ते खाते आधारशी जोडलेले व चालू आहे, याचीही खात्री असावी. आपत्तीत मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना वर उल्लेखिलेल्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांनुसार ४ लाख रुपयांची मदत ठरलेली आहे; त्यासाठी शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांची नोंद आवश्यक ठरते.

आधार, शिधापत्रिका, सातबारा, बँक पासबुक, विमा, शाळा सोडल्याचे दाखले आणि जातीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती प्लास्टिकच्या जाड पिशवीत, तोंड घट्ट बांधून एका जागी ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे डिजिलॉकरमध्ये किंवा जिल्ह्याबाहेरील नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावीत. याच पिशवीत कुटुंबाच्या दोन-तीन दिवसांच्या खर्चापुरती रोकड सुट्या नोटांत ठेवणे उपयोगाचे ठरते.

घडी पुन्हा बसवताना

पाणी ओसरल्यानंतरचा आठवडा पुराच्या रात्रीइतकाच कसोटीचा असतो. गाळ काढताना पायात बूट व हातात मोजे असावेत. सापांनी अडगळीत, लाकडांत आणि ओल्या कपड्यांच्या ढिगात आसरा घेतलेला असतो. सर्पदंश झाल्यास घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे किंवा चोखणे हे प्रकार टाळून तो अवयव स्थिर ठेवावा आणि रुग्णाला थेट सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. गाळात काम केलेल्या व्यक्तीला काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदीर व जनावरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गाची, शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी.

मुलांसाठी शाळा लवकर सुरू होणे हाच मोठा आधार असतो. इमारत वापरण्याजोगी नसेल तर मंदिराच्या सभामंडपात किंवा मंगल कार्यालयात दोन तासांचे वर्ग भरवूनही मुलांचा दिवस पुन्हा आकाराला येतो आणि पालकांना घर सावरण्यास सवड मिळते. मोठ्या माणसांच्या बाबतीत झोप उडणे, पावसाच्या आवाजाने दचकणे आणि कामात लक्ष न लागणे हे परिणाम काही आठवडे दिसू शकतात. ते टिकून राहिले, माणूस बोलेनासा झाला किंवा कर्जाच्या चिंतेने निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे न सोडता ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी संपर्क साधावा. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या या जिल्ह्यात त्या सूचनेला विशेष वजन आहे.

गावपातळीवरील नियोजन मे महिन्याच्या अखेरीस पूर्ण झालेले असावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि तालुक्याच्या पातळीवर तहसीलदार समन्वय पाहतात, परंतु पहिल्या काही तासांत हाताशी असतात ते शेजारीच. म्हणून प्रत्येक प्रभागाने पोहता येणाऱ्यांची, ट्रॅक्टर व जेसीबी असणाऱ्यांची, परिचारिका व निवृत्त जवानांची आणि चालता न येणाऱ्या वृद्धांची यादी तयार ठेवावी, नदीपात्रातील अडथळे व नाल्यांतील कचरा काढण्याची मागणी नगरपंचायतीकडे लेखी करावी आणि वर्षातून एकदा घर रिकामे करण्याचा प्रत्यक्ष सराव करावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

या सर्व सूचनांपैकी एकाही सूचनेला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो कोरड्या दिवसांतील थोडा वेळ. प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यातील एक संध्याकाळ त्यासाठी राखून दिनक्रमाचा कागद तयार करावा, भिंतीवर पाणीखूण आखावी आणि ज्या शेजाऱ्याची जबाबदारी घ्यावयाची आहे त्याच्या घरी जाऊन तसे सांगून यावे.